सेगमेंट नोट जीएसटी रिटर्नवरून काढू नका: सेगमेंट आणि भौगोलिक महसूल रिपोर्टिंग, टप्प्याटप्प्यानं

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यात बेळगावातल्या कारखान्यांतून हमखास फोन येतो, कधी मच्छेहून, कधी उद्यमबागेतून, आणि पलीकडचा पोरगा म्हणतो, "सर, सेगमेंट नोट करूलालोय, कर्नाटक एवढं, महाराष्ट्र एवढं, गोवा एवढं आणि एक्स्पोर्ट एवढं, सगळं जीएसटीआर-१ वरून काढलंय, बरोबर आहे न्हवं?" नाही, बरोबर नाही. सेगमेंट नोट म्हणजे वार्षिक हिशोबातली ती टीप, जिच्यात धंद्याच्या कोणत्या भागातून किती विक्री आणि नफा आला ते दाखवतात; आणि जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न. आकडे त्यानं मेहनतीनं काढलेले असतात, बेरीजही जुळते, पण सुरुवातच चुकीच्या कागदावरून झालेली असते, त्यामुळे पुढचं सगळं परत करावं लागतं आणि तेही ऑडिटर दारात उभे असताना.

आपल्याकडं ही चूक जास्त होते त्याला कारण आहे. इथं एकाच कंपनीचं एक युनिट उद्यमबागेत म्हणजे कर्नाटकात, दुसरं शिनोळीला म्हणजे महाराष्ट्रात, माल कोल्हापूरला मशीनिंगला जातो, काही गिऱ्हाईक गोव्यात, त्यामुळे रोजचं काम २९, २७, ३० हे जीएसटीचे स्टेट कोड बघतच चालतं आणि डोक्यात "भौगोलिक" म्हटलं की राज्याची हद्दच येते. सेगमेंट नोटमध्ये ती हद्द जवळजवळ कधीच नसते.

आधी बघा: तुम्हाला लागू आहे का

इंड-एएस (मोठ्या कंपन्यांची हिशोब-मानकं) लागू असलेल्या कंपन्यांना इंड-एएस १०८, म्हणजे त्यातलं सेगमेंटचं मानक, लागतं. म्हणजे शेअर बाजाराच्या मुख्य बोर्डावर लिस्टेड कंपन्या, नेटवर्थ २५० कोटी किंवा जास्त असलेल्या अनलिस्टेड कंपन्या, आणि त्यांच्या होल्डिंग, सबसिडियरी वगैरे. एसएमई एक्स्चेंजवर लिस्टेड असाल तर तेवढ्या कारणानं इंड-एएस लागत नाही.

बाकीच्यांना सेगमेंटचं जुनं मानक, एएस १७. पण त्यातही स्मॉल अँड मीडियम कंपनीला सूट आहे: आधीच्या वर्षीची उलाढाल २५० कोटींपर्यंत, कर्ज त्याच आधीच्या वर्षात कधीही ५० कोटींच्या वर गेलेलं नाही, लिस्टेड नाही, बँक-विमा-वित्तसंस्था नाही, आणि असल्या निकषात न बसणाऱ्या कंपनीची होल्डिंग किंवा सबसिडियरी नाही. आपल्या भागातल्या बहुतेक फाउंड्र्या यातच बसतात, त्यांनी सेगमेंट नोटच्या मागं लागून वेळ घालवू नये.

सावध: ही अट सगळी मिळून आहे. उलाढाल ९० कोटी आहे म्हणून सूट घेतली आणि मोठ्या ग्रुपची सबसिडियरी आहोत हे विसरले, असं मी स्वतः बघितलंय.

आणखी एक. कन्सॉलिडेटेड (पूर्ण ग्रुपचा) आणि स्टँडअलोन (एकट्या कंपनीचा) दोन्ही हिशोब एकाच रिपोर्टमध्ये असतील तर सेगमेंटची माहिती कन्सॉलिडेटेडमध्ये दिली की पुरते, दोनदा करत बसू नका.

तयारी: टेबलावर काय काय पाहिजे

टॅली किंवा सॅप उघडण्याआधी हे कागद गोळा करा. ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून लोक टाळतात आणि निम्म्या चुका इथंच जन्माला येतात.

१. एमडी किंवा बोर्डाकडं दर महिन्याला जाणारा एमआयएस (कामगिरीचा आतला रिपोर्ट), निदान १२ महिन्यांचा, आणि तोच ज्यावर साहेब खरोखर प्रश्न विचारतात.
२. बोर्ड मीटिंगचे कागद आणि बजेट. बजेट कोणत्या भागांत पाडलंय ते बघा.
३. कोण कुणाला रिपोर्ट करतो त्याचा तक्ता. विभागप्रमुखांचा बोनस कशावर ठरतो हेही विचारा.
४. डायरेक्टर्स रिपोर्ट, वेबसाइट, गुंतवणूकदारांना दाखवलेलं प्रेझेंटेशन.
५. कस्टमर मास्टर, देश आणि ग्रुप या दोन कॉलमसकट. ग्रुपचा कॉलम नसेल तर आजच तयार करायला घ्या.
६. एका विभागानं दुसऱ्याला दिलेल्या मालाचं, विजेचं, सेवेचं रजिस्टर आणि तो भाव कसा ठरला त्याचा कागद.
७. जीएसटी रिटर्न. हो, तेही पाहिजे, पण शेवटी जुळवायला.

टप्पा १: निर्णय कोण घेतो ते ठरवा

स्टँडर्डमध्ये याला चीफ ऑपरेटिंग डिसिजन मेकर म्हणतात, सीओडीएम. हे पद नाही, काम आहे: पैसा, मशीन, माणसं कुठं लावायची ते ठरवणारा आणि कामगिरी बघणारा. कुठं एमडी, कुठं पूर्णवेळ डायरेक्टरांची कमिटी. आपल्याकडच्या घरच्या कंपन्यांत कागदावर एक भाऊ एमडी असतो आणि फाउंड्रीचा पैसा कुठं लावायचा ते दुसरा भाऊ ठरवतो, अशा वेळी पाटीवरचं नाव न बघता मिनिट्स बघा आणि दोघांना विचारून घ्या.

तपासून बघा: एका ओळीत लिहिता येतंय का, "आमच्याकडं अमुक जण अमुक रिपोर्ट दर महिन्याला बघून भांडवल वाटतात"? येत नसेल तर पुढं जाऊ नका.

टप्पा २: ऑपरेटिंग सेगमेंटची यादी करा

ऑपरेटिंग सेगमेंट म्हणजे धंद्याचा असा भाग ज्यातून उत्पन्न येतं आणि खर्च होतो (उत्पन्न दुसऱ्या विभागाकडून आलं तरी चालतं), ज्याचा निकाल सीओडीएम नियमित बघतो, आणि ज्याचे वेगळे आकडे उपलब्ध आहेत. तिन्ही पाहिजेत. हेड ऑफिसला उत्पन्न नाही, म्हणून तो सेगमेंट नाही. ग्रॅच्युइटी फंडही नाही.

पुढं सगळीकडं लागेल म्हणून एक कल्पित कंपनी धरू. बेळगावची लिस्टेड कंपनी, ५ भाग, आकडे कोटींत, क्रम असा: बाहेरची विक्री, आतली विक्री, नफा किंवा तोटा, मालमत्ता.

कास्टिंग: २१०, ९०, नफा २४, मालमत्ता २२०
मशीनिंग आणि हायड्रॉलिक: १६०, १०, नफा २०, मालमत्ता १३०
पंप: ४०, ०, तोटा ६, मालमत्ता ३८
पवनचक्की: ३, १२, नफा ४, मालमत्ता ६२
पॅटर्न आणि टूलिंग: १२, १३, नफा २, मालमत्ता १०

बाहेरची विक्री ४२५, आतली १२५, एकूण ५५०.

इथली नेहमीची चूक म्हणजे उद्यमबाग युनिट आणि शिनोळी युनिट असे दोन सेगमेंट पाडणं. जागा वेगळी, जीएसटी नंबर वेगळा, मॅनेजरही वेगळा असेल, पण एमडी जर "मशीनिंग" म्हणून दोन्हीकडचं एकत्रच बघत असतील तर सेगमेंट एकच. उलट साहेब युनिटप्रमाणंच नफा बघत असतील, उत्पादनाप्रमाणं नाही, तर युनिट हाच सेगमेंट. उत्तर एमआयएसमध्ये असतं, नकाशात नाही.

दुसरी चूक उलटी: "आम्ही एकाच सेगमेंटमध्ये आहोत" असं एक वाक्य टाकून मोकळं व्हायचं आणि त्याच रिपोर्टच्या पहिल्या पानांवर "आमची चार व्हर्टिकल्स जोमानं वाढत आहेत" असं छापायचं. वाचणारा दोन्ही पानं वाचतो, आणि आता अशा विसंगतीवर लेखी प्रश्न येतात.

टप्पा ३: दोन सेगमेंट एक करायचे असतील तर

करता येतात, पण आर्थिक स्वभाव सारखा पाहिजे, म्हणजे दीर्घकाळात ग्रॉस मार्जिन साधारण सारखं राहील असं दिसलं पाहिजे, आणि शिवाय उत्पादन, बनवायची पद्धत, गिऱ्हाईकाचा प्रकार, विक्रीची पद्धत आणि लागू असेल तिथं नियमनाचं वातावरण, हे सगळं सारखं पाहिजे. यातलं निम्मं जुळलं म्हणून चालत नाही.

आपल्या कंपनीत पंपाचा तोटा कास्टिंगमध्ये मिसळून टाकायचा मोह होतो, कारण "शेवटी दोन्ही लोखंडच की". पंप शेतकऱ्याला डीलरकडून विकला जातो, कास्टिंग गाड्या बनवणाऱ्या कंपनीला थेट जातं, एकाला तोटा आणि दुसऱ्याला ८ टक्के नफा. हे एक होत नाहीत. एकत्र केलंच कुठं तर कशाच्या आधारावर केलं तो निर्णय नोटमध्ये लिहावा लागतो, आणि लिहायला बसलं की आपोआप कळतं आधार आहे का नाही ते.

टप्पा ४: आतला भाव आणि मोजमाप पक्कं करा

हा टप्पा लोक चाचण्यांच्या नंतर करतात. आधी करा, कारण नफ्याची चाचणी याच आकड्यांवर उभी असते.

इंड-एएस १०८ म्हणतं, सीओडीएमला जो आकडा दाखवता तोच द्या. एमआयएसमध्ये ढोबळ नफा असेल तर ढोबळ, व्याज-घसाऱ्याच्या आधीचा असेल तर तो, फक्त सांगा काय आहे. खास नोटसाठी नवीन सूत्र बनवायचं नाही. एएस १७ मध्ये मात्र सेगमेंट निकालाची व्याख्या ठरलेली आहे आणि आकडे कंपनीच्या हिशोबाच्या धोरणांप्रमाणंच लागतात. जुनं टेम्प्लेट कॉपी करणाऱ्यांनी हा फरक डोक्यात ठेवा.

आतल्या भावाचा परिणाम किती मोठा असतो ते साखर कारखान्यावरून बघा, आपल्या चिकोडी-अथणी-गोकाक पट्ट्यातल्या कुणालाही लगेच पटेल. ऊस गाळल्यावर भुसा म्हणजे बगॅस कोजनला (कारखान्याच्या वीज बनवणाऱ्या विभागाला) जातो आणि मळी डिस्टिलरीला. बगॅस शून्य भावानं दिला तर साखर विभाग तोट्यात दिसतो आणि कोजन सोन्याचा, बाजारभावानं दिला तर चित्र पालटतं. माल तोच, बॉयलर तोच, बदलला फक्त एका ओळीतला भाव. म्हणून हा भाव कसा धरला ते नोटमध्ये सांगणं बंधनकारक आहे, आणि माझ्या मते अख्ख्या नोटमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. "आर्म्स लेंग्थ बेसिस" (बाहेरच्या तिऱ्हाइताला लावला असता तोच भाव) असं ठोकून द्यायचं आणि प्रत्यक्षात खर्चाला भाव धरायचा, असं करू नका, ते खोटं विधान होतं.

खर्च वाटायचे तर पद्धत ठरवून लिहून ठेवा. वीज मीटरप्रमाणं, कँटीन माणसांच्या संख्येप्रमाणं, जे खरं असेल ते. ज्याला धड आधार नाही तो खर्च "न वाटलेला" म्हणून बाजूला दाखवा, जबरदस्तीनं कुणाच्या माथी मारू नका. आणि घसारा एका सेगमेंटला टाकला पण मशीन त्या सेगमेंटच्या मालमत्तेत नाही, असं असेल तर तेही उघड करावं लागतं.

टप्पा ५: १० टक्क्यांच्या ३ चाचण्या

तिन्हीपैकी एकीत बसलं तरी तो सेगमेंट वेगळा दाखवायचा.

पहिली, महसूल. बाहेरची अधिक आतली विक्री, सगळ्या सेगमेंटच्या बाहेरच्या आणि आतल्या मिळून बेरजेच्या १० टक्के किंवा जास्त. आपली बेरीज ५५०, मर्यादा ५५. कास्टिंग ३०० पास, मशीनिंग १७० पास, बाकी तिघं नापास. ४२५ वर १० टक्के काढू नका, ते चूक आहे, तरी दर दुसऱ्या शीटमध्ये तसंच काढलेलं सापडतं.

दुसरी, नफा-तोटा. नफ्यातल्या सेगमेंटची वेगळी बेरीज करा: २४ अधिक २० अधिक ४ अधिक २, म्हणजे ५०. तोट्यातल्यांची वेगळी: ६. चिन्ह सोडून जो आकडा मोठा तो घ्या, म्हणजे ५०, मर्यादा ५. पंपाचा तोटा ६, चिन्ह सोडून ५ च्या वर, म्हणून पंप पास. इथं लोक ५० मधून ६ वजा करून ४४ वर मर्यादा काढतात, ४.४ येते, आणि पवनचक्कीचा नफा समजा ४.५ असता तर तो या चाचणीत चुकून पास झाला असता. तोट्यातला सेगमेंट "छोटा आहे" म्हणून आधीच यादीतून काढून टाकणं ही त्याहून वाईट चूक.

तिसरी, मालमत्ता. बेरीज ४६०, मर्यादा ४६. पवनचक्की ६२, पास. महसुलात किरकोळ, नफ्यात कमी, पण भांडवल भरपूर अडकलंय, म्हणून वाचणाऱ्याला ती दिसली पाहिजे.

टूलिंग तिन्हीत नापास. ते "इतर सगळे सेगमेंट" या ओळीत जाईल. मॅनेजमेंटला वाटलं तर नापास सेगमेंटही वेगळा दाखवता येतो.

तपासून बघा: चाचणीचं शीट मागच्या वर्षाच्या आकड्यांवरही चालवा. मागच्या वर्षी वेगळा दाखवलेला सेगमेंट यंदा नापास झाला तरी महत्त्वाचा वाटत असेल तर तो चालू ठेवायचा.

टप्पा ६: ७५ टक्के

आता फक्त बाहेरची विक्री. वेगळ्या दाखवलेल्या सेगमेंटची बाहेरची विक्री कंपनीच्या महसुलाच्या किमान ७५ टक्के पाहिजे. २१०, १६०, ४०, ३ मिळून ४१३, भागिले ४२५, ९७ टक्के. झालं. कमी पडलं असतं तर मर्यादेत न बसणारे सेगमेंटही एकेक करून वेगळे दाखवावे लागले असते, ७५ होईपर्यंत. सेगमेंट १० च्या वर जायला लागले तर जरा थांबून विचार करा, इतका तपशील वाचणाऱ्याच्या उपयोगाचा राहतो का.

टप्पा ७: पी अँड एलशी (नफा-तोटा पत्रकाशी) जुळवणी

जुळवणी म्हणजे शेवटी टाकायचा एक कॉलम असं समजू नका. ती जुळत नसेल तर वरचं काहीतरी चुकलंय.

महसूल: सेगमेंटची बेरीज ५५०, वजा आतली विक्री १२५, पी अँड एलमध्ये ४२५.

नफा: सेगमेंटची बेरीज ४४. वजा हेड ऑफिसचा न वाटलेला खर्च ९, वजा व्याज १३, वजा साठ्यात अडकलेला आतला नफा १, अधिक इतर उत्पन्न ३. करपूर्व नफा २४.

मालमत्ता: ४६०, अधिक न वाटलेली म्हणजे बँक शिल्लक, गुंतवणूक, डिफर्ड टॅक्स मिळून ३५, वजा विभागांची एकमेकांकडची येणी आणि साठ्यातला तो आतला नफा मिळून १५. बॅलन्सशीट ४८०.

तो १ कोटी बघा. कास्टिंगनं मशीनिंगला नफा लावून दिलेला माल ३१ मार्चला मशीनिंगच्या गोडाऊनमध्ये पडून आहे, त्यातला नफा अजून झालेला नाही. हा आकडा विसरला की जुळवणीत छोटा फरक राहतो आणि मग पोरं तो "राउंडिंग" म्हणून "न वाटलेला खर्च" या ओळीत ढकलतात. एवढ्या एका सवयीनं पूर्ण नोटवरचा विश्वास जातो. फरक सापडेपर्यंत शोधा.

टप्पा ८: भौगोलिक महसूल

आता जीएसटी रिटर्न काढायचं असेल तर काढा, पण बाजूला ठेवा.

इंड-एएस १०८ मध्ये भौगोलिक माहिती देशाप्रमाणं: आपला देश, आणि परदेश. परदेशातला एखादा देश मोठा असेल तर तो वेगळा. कंपनीचा एकच सेगमेंट असला तरी ही माहिती द्यावीच लागते, "सिंगल सेगमेंट" लिहून यातून सुटका होत नाही. आपल्या उदाहरणात भारत ३२३, जर्मनी ५२, अमेरिका ३८, इतर देश १२, एकूण ४२५. कर्नाटक-महाराष्ट्र-गोवा फोड इथं नाही. साहेब राज्याप्रमाणं विक्री बघत असतील तर ती फोड इंड-एएस ११५ (महसुलाचं मानक) च्या महसूल विभागणीत देता येते, आणि तिचा सेगमेंटच्या महसुलाशी संबंध समजेल असं मांडावं लागतं. एएस १७ मध्ये देशातला एखादा प्रदेशही भौगोलिक सेगमेंट होऊ शकतो, पण तिथला धोका आणि परतावा खरोखर वेगळा असेल तरच. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की धंद्याचा धोका बदलतो असं कुणी म्हणणार नाही.

महसूल कोणत्या देशाचा धरायचा याचा आधार कंपनीनं ठरवायचा आणि लिहायचा. बहुतेक ठिकाणी गिऱ्हाईकाचं ठिकाण धरतात. एकदा धरलं की दरवर्षी तेच.

जीएसटीआर-१ आणि हा आकडा का जुळत नाही ते एकदा नीट समजून घ्या, आपल्या भागात या गोष्टी रोजच्या आहेत:

उद्यमबागेतून शिनोळीला गेलेला माल. एकच पॅन, पण राज्य वेगळं, नोंदणी वेगळी, म्हणून जीएसटीत तो पुरवठा, आयजीएसटी लावून इन्व्हॉइस निघतं, ई-वे बिल निघतं. हिशोबात ती विक्रीच नाही, स्वतःच स्वतःला दिलेला माल आहे. जीएसटीआर-१ वरून महसूल काढणारे सगळ्यात जास्त इथं अडकतात, आणि आकडा छोटा नसतो.

एसईझेडला (विशेष आर्थिक क्षेत्राला) विक्री. हत्तरगीच्या एसईझेडमधल्या युनिटला माल दिला तर जीएसटीत झिरो-रेटेड (शून्य दर), रिटर्नमध्ये तक्ता ६ब मध्ये, एक्स्पोर्टच्या ६अ शेजारी. गिऱ्हाईक मात्र हुक्केरी तालुक्यात बसलंय, म्हणून महसूल भारतातला. "एक्स्पोर्ट" या एका शब्दाखाली ६अ आणि ६ब दोन्ही उचललेली शीट मी कितीतरी परत पाठवली आहेत.

मर्चंट एक्स्पोर्टर. मुंबईच्या व्यापाऱ्याला विकलं, त्यानं पुढं दुबईला पाठवलं. आपलं गिऱ्हाईक मुंबईचं, महसूल भारताचा.

बिल एकीकडं, माल दुसरीकडं. बिल जर्मनीतल्या कंपनीच्या नावानं पण माल तिच्या पुण्याच्या कारखान्यात. इथं तुमचा ठरलेला आधार काय म्हणतो तेच करा, आणि रक्कम मोठी असेल तर आधार लिहिताना हे स्पष्ट करा.

विनिमय दर. मालाच्या निर्यातीला जीएसटी इन्व्हॉइसमध्ये कस्टमचा जाहीर दर लागतो, हिशोबात व्यवहाराच्या तारखेचा. फरक पडणारच.

तारीख. २८ मार्चला ट्रक बेळगावहून न्हावा शेवाला निघाला, इन्व्हॉइस मार्चचं, पण कराराप्रमाणं मालाचा ताबा जहाजावर चढल्यावर जातो आणि जहाज भरलं ३ एप्रिलला. महसूल पुढच्या वर्षाचा, जर्मनीच्या आकड्यातूनही तेवढा कमी.

ड्यूटी ड्रॉबॅक आणि रोडटेप (निर्यातीवर परत मिळणारे कर) हे परदेशी गिऱ्हाईकाकडून येत नाही, सरकारकडून येतं, ते जर्मनीच्या खात्यात घालू नका. कोल्हापूरला जॉबवर्कला डिलिव्हरी चलानवर गेलेला माल तर विक्रीच नाही.

महसुलासोबत नॉन-करंट मालमत्ताही देशाप्रमाणं द्यायची, आर्थिक साधनं आणि डिफर्ड टॅक्स वगैरे सोडून. सगळी भारतातच असेल तर तसं एक वाक्य लिहा, ओळच गाळू नका.

तपासून बघा: भौगोलिक बेरीज ४२५, सेगमेंटची बाहेरची बेरीज ४२५, पी अँड एल ४२५. त्यानंतर जीएसटी रिटर्नच्या उलाढालीपासून ४२५ पर्यंतची जुळवणी वेगळ्या शीटवर करा, वरचं एकेक कारण एकेका ओळीत. हे शीट नोटमध्ये छापायचं नसतं, पण ऑडिटरला दाखवलं की निम्मे प्रश्न तिथंच संपतात.

टप्पा ९: मोठं गिऱ्हाईक

एका गिऱ्हाईकाकडून महसुलाच्या १० टक्के किंवा जास्त आलं तर तसं सांगायचं, रक्कम द्यायची, कोणत्या सेगमेंटमध्ये आली ते सांगायचं. ४२५ वर मर्यादा ४२.५. नाव द्यायची गरज नाही, त्यामुळे "गिऱ्हाईक नाराज होईल" हे कारण चालत नाही.

इथं कस्टमर मास्टरमधला ग्रुपचा कॉलम लागतो. समजा एका वाहन कंपनीचे ३ कारखाने, ३ वेगळे कस्टमर कोड, १८, १५ आणि १४ कोटी. एकेक बघितलं तर कुणीच ४२.५ ला पोचत नाही. पण एकाच नियंत्रणाखालचे म्हणून ते एक गिऱ्हाईक, एकूण ४७, आणि ते कास्टिंग आणि मशीनिंगमध्ये आलं असं सांगून उघड करायलाच पाहिजे. कोड वेगळे म्हणून गिऱ्हाईक वेगळी धरणं ही चूक वर्षानुवर्षं तशीच पुढं जाते, कारण जुन्या शीटवर नवीन आकडे चढवले जातात.

सरकारी गिऱ्हाईक असेल तर थोडा विचार करावा लागतो. कोजनवाला कारखाना हेस्कॉमला (सरकारी वीज वितरण कंपनीला) वीज आणि सरकारी तेल कंपन्यांना इथेनॉल विकत असेल, तर सरकार आणि त्याच्या ताब्यातल्या संस्था हे एकच गिऱ्हाईक धरायचं का, हे त्यांच्यातलं आर्थिक एकत्रीकरण किती आहे ते बघून ठरवायचं. ठरवल्याचं कारण फाइलमध्ये लिहून ठेवा.

टप्पा १०: मागच्या वर्षाचे आकडे आणि तिमाही निकाल

वर्षाच्या मध्येच कामाची रचना बदलली आणि त्यामुळे सेगमेंट बदलले, तर मागच्या वर्षाचे आकडे नवीन रचनेत परत मांडावे लागतात. माहिती नसेल आणि काढायचा खर्च अवाजवी असेल तरच सूट. यंदा पहिल्यांदा मर्यादेत आलेल्या सेगमेंटचंही तसंच, आपल्या उदाहरणात पंप यंदाच पास झाला असेल तर मागच्या वर्षीचा पंपही "इतर" मधून बाहेर काढून दाखवा.

लिस्टेड कंपनीला सेबीच्या एलओडीआर (लिस्टेड कंपन्यांसाठीची नियमावली) नियम ३३ खाली दर तिमाहीला सेगमेंटचा महसूल, निकाल, मालमत्ता, देणी द्यावी लागतात, तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत, वर्षाच्या ऑडिटेड निकालाला ६० दिवस. म्हणजे हे सगळं काम मार्चनंतर सुरू करायचं नसतं. एप्रिल-जूनच्या तिमाहीलाच सेगमेंटची यादी, आतल्या भावाचं सूत्र आणि कस्टमर ग्रुपचा कॉलम पक्का करा, आणि बोर्डाकडं निकाल जायच्या आदल्या दिवशी साहेबांचा त्या महिन्याचा एमआयएस आणि सेगमेंट नोट शेजारी शेजारी ठेवून एकदा ओळीला ओळ लावून वाचा.